पलीकडच्या काठावरची शेळी

प्रॉम्प्टरच्या घरात सगळ्यात जास्त मान कुणाला असेल, तर तो त्याच्या उजव्या गुडघ्याला. लग्नाला जायचं की नुसता आहेर पाठवायचा, तिसऱ्या मजल्यावरच्या मेव्हण्याला भेटायचं की फोनवर भागवायचं, माळ्यावरची बॅग कुणी काढायची, हे सगळे निर्णय गुडघा घ्यायचा. गुडघा दुखायचा असं मात्र नव्हे. एकदा दुखला होता. नाटकाच्या गाडीतून उतरताना पाय मुरगळला आणि आठवडाभर तो पलंगावर होता. त्या आठवड्यात जी सरबराई झाली, ती पाहून गुडघ्याने घरात कायमचा मुक्काम ठोकला. पुढे पुढे तर पाहुणे आले की आधी त्याचीच चौकशी करत, मग प्रॉम्प्टरची.

प्रॉम्प्टर हे अर्थातच त्याचं नाव नव्हे, पण नाव विचारायची पाळी कुणावर आली नाही. उभं आयुष्य त्याने नाटक कंपनीत विंगेत बसून काढलं. मांडीवर नाटकाची प्रत, डोक्यावर झिरोचा दिवा, आणि समोर उजेडात नट. नट अडला की शब्द पुरवायचा. तोही असा, की नटाला ऐकू जावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. या कामात कीर्ती नाही, पण वाईट सवय मात्र एक लागते. कुणी वाक्य सुरू केलं आणि श्वास घ्यायला थांबलं, की पुढचा शब्द आपल्या तोंडून निघून जातो. दूधवाला म्हणाला, "उद्या मी जरा", की प्रॉम्प्टर म्हणायचा, "उशिरा येईन." डॉक्टर म्हणाले, "तुमचं रक्त थोडं", की हा म्हणायचा, "घट्ट आहे." निवृत्तीनंतर प्रत गेली, दिवा गेला, सवय तेवढी घरी आली.

घरी बायको होती. ती शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. भांडण झालं की प्रॉम्प्टरही बाईच म्हणायचा. बाईंचं नशीब असं, की दिवसभर ज्या वर्गापुढे बोलायचं तो ऐकत नसे, आणि संध्याकाळी जो ऐकत असे तो बोलू देत नसे.

"अहो, आज ना बाजारात मला"

"पिशवी फाटली."

"हो. आणि मग तो भाजीवाला"

"दुसरी देईना."

"तुम्ही होतात का तिथे?"

"नाही गं. पण पुढचं तेच असणार."

आणि पुढचं तेच असायचं. दहापैकी नऊ वेळा तो बरोबर असायचा, हीच तर अडचण होती. चुकला असता तर बाईंना निदान त्याला खोडून काढता आलं असतं. हळूहळू त्या छोटी वाक्यं बोलू लागल्या. मग नुसतेच शब्द. एक वर्ष तर त्यांनी "मीठ" आणि "दिवा" एवढ्यावर काढलं असेल. घरात शांतता आहे, याचा प्रॉम्प्टरला अभिमान वाटायचा.

रविवारी मात्र दोघं तलावावर जायची. शहराच्या बाहेर, बस जिथे वळून परत फिरते, तिथे पिण्याच्या पाण्याचा मोठा तलाव होता. त्याला एका बाजूने दगडी बंधारा, बाकी तिन्ही बाजूंनी टेकड्या आणि झाडी. तिथे बाग करून पायवाटा आखल्या होत्या. फाटकाशी एक मोठी पाटी होती आणि तीवर तीन रंगांत तीन वाटा काढल्या होत्या. त्यातली निळी वाट तलावाला पूर्ण वळसा घालून पुन्हा बंधाऱ्यावर यायची.

पहिल्याच रविवारी पाटीसमोर उभं राहून प्रॉम्प्टरने निळ्या रंगाची ती लांबी पाहिली आणि गुडघा पुढे केला.

"तू ये जाऊन," तो म्हणाला. "मी बसतो इथे."

बाईंनी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि निघाल्या. तेव्हापासून तोच शिरस्ता पडला. बंधाऱ्याच्या टोकाला, उपाहारगृहाकडे तोंड करून ठेवलेला एक बाक होता. त्यावर थर्मास, छोटा रेडिओ आणि प्रॉम्प्टर. ऊन उतरू लागलं की बाई यायच्या, गाल लाल झालेले, केसात एखादं पान. मग परतीच्या बसमध्ये त्या सांगायच्या.

आणि इथे जे व्हायचं ते त्या घरात कुठेच होत नव्हतं. बाई बोलायच्या आणि प्रॉम्प्टर गप्प बसायचा. बसणार नाही तर काय करणार? पलीकडचा काठ त्याने पाहिलेला नव्हता. त्या नाटकाची प्रतच त्याच्याकडे नव्हती.

पलीकडे, बाई सांगायच्या, एक झाड आहे, ते पाण्यावर असं वाकलंय की जणू त्याचा चष्मा पडलाय आणि ते शोधतंय. पुढे एका खडकापाशी हाक मारली की प्रतिध्वनी येतो, पण फार आळशी. आपण हाक मारून, पाणी पिऊन, चार पावलं चालून जावं, तेव्हा मागून येतो. आणि अगदी टोकाला, जिथे दोन टेकड्या भेटतात, तिथे लाल कौलांचं एका खोलीचं घर. दारात एक म्हातारा दोरी वळत बसतो. कुणाला विकत नाही, वळून झाली की उलगडतो आणि पुन्हा वळतो. त्याच्या दोन शेळ्या आहेत, एक पांढरी, एक काळी. पांढरी काळीकडे कधी बघत नाही, आणि काळी पांढरीने तोंड लावलेल्या पाल्याला शिवत नाही. म्हणून म्हाताऱ्याने त्यांची नावं सासू आणि सून ठेवलीत.

बसमध्ये मागच्या सीटवरचे लोकसुद्धा पुढे वाकून ऐकायचे. प्रॉम्प्टर तोंड उघडं ठेवून ऐकायचा. एक-दोनदा त्याची जीभ वळवळली, पण शब्दच नव्हता. सासूने या आठवड्यात काय केलं असेल, हे त्याला खरंच ठाऊक नसायचं. रविवार ते रविवार तो वाट बघायचा. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, तेव्हा फोनवर तीही आधी सासू-सुनेची खुशाली विचारायची, मग आईबापाची.

गेल्या वर्षीच्या एका रविवारी बाई परत आल्या त्या गप्प गप्प होत्या. बस सुटली, पहिला थांबा गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आज म्हातारा दोरी वळत नव्हता. सून हरवलीये."

मागच्या सीटवरची एक बाई "अगंबाई!" म्हणाली.

"परवापासून नाहीये," बाई सांगू लागल्या. "सासू सारखी दाराशी जाते आणि बाहेर बघून परत येते. मी म्हाताऱ्याला म्हटलं, चला आपण शोधू, तर तो म्हणाला, तिला ना"

आणि बाई श्वास घ्यायला थांबल्या.

"लांडग्याने नेली," प्रॉम्प्टर म्हणाला.

ते त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. इतकी वर्षं सांभाळलेली जीभ, एका श्वासात घसरली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात चांगलं चाललेलं असताना तास संपल्याची घंटा व्हावी, तसं पाहिलं. मग त्या खिडकीकडे वळल्या आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.

"मग काय म्हणाला तो?" प्रॉम्प्टरने जेवताना विचारलं.

"मीठ," बाई म्हणाल्या.

पुढचा रविवार आलाच नाही. बाईंना ताप आला, तापातून काहीतरी दुसरं निघालं, आणि दुसऱ्यातून त्या परत आल्या नाहीत. बाईंचा स्वभावच तसा, कशाला उगाच लांबवा. लोक भेटायला आले, त्यांनी धीर दिला, गुडघ्याची चौकशी केली. प्रॉम्प्टर सगळ्यांची वाक्यं पुरी करत राहिला. सांत्वनाची वाक्यं पुरी करायला सोपी असतात.

सगळे गेल्यावर घर शांत झालं. पण या शांततेचा त्याला अभिमान वाटेना. रात्री अंथरुणावर पडलं, की एकच प्रश्न यायचा, आणि तो इतका पोरकट होता की कुणाला सांगायची सोय नव्हती. सून परत आली का? एवढा मोठा बाप्या, ज्याची बायको गेली, तो एका शेळीच्या काळजीने कूस बदलतोय. पण बाईंनी त्याला जे जे सांगितलं होतं, त्यातलं तेवढंच एक अर्धं राहिलं होतं. आणि ते त्यानेच तोडलं होतं.

त्यातच मुलीचा फोन आला.

"बाबा, त्या तलावाच्या बागेत बाक बसवू देतात. नावाची पट्टी लावून. मी चौकशी केलीये. आईच्या नावाने बसवू या. तिकडे टोकाला, त्या म्हाताऱ्याच्या घरापाशी. पण जागा आपण दाखवायला हवी म्हणतात. तुम्ही बघून याल का? गुडघ्याला"

"झेपेल," प्रॉम्प्टर म्हणाला. ती "गुडघ्याला झेपणार नाही ना?" असं विचारणार होती. पण चूक दुरुस्त करण्याची त्या घराला सवय नव्हती.

म्हणून त्या रविवारी प्रॉम्प्टर एकटाच बसमध्ये बसला. थर्मास घेतला, रेडिओ घरी ठेवला. फाटकावर नेहमीची तिकीटवाली होती. खिडकीच्या चौकटीत तिचा नुसता चेहरा आणि स्वेटरची बाही दिसायची.

"बऱ्याच दिवसांनी!" ती म्हणाली. "बाई पुढे गेल्या वाटतं?"

"हो," प्रॉम्प्टर म्हणाला. खोटं असं त्यात काही नव्हतं.

"आणि आज तुम्ही चालणार? बाकाला चुकल्याचुकल्यासारखं होईल हो."

निळ्या वाटेला लागल्यावर त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं, की गुडघा अजिबात दुखत नाहीये. इतक्या वर्षांच्या आरामाने तो पोराच्या गुडघ्यासारखा ताजा होता. डावा गुडघा, ज्याची कधी कुणी विचारपूस केली नव्हती, तो थोडा कुरकुरत होता. पण त्याला कोण विचारतो.

वाट बंधाऱ्यावरून उतरली, एका वळणाला झाडीत शिरली आणि पाण्याच्या कडेने निघाली. वळणापाशीच एक जुना बाक होता. त्याच्या एका टोकाला एक जाडसर गृहस्थ गळ टाकून बसले होते. डोक्यावर टोपी, शेजारी रिकामा डबा. प्रॉम्प्टरने त्यांच्याकडे पाहून मान हलवली, त्यांनी गळाकडे पाहून मान हलवली, आणि तो पुढे गेला. बाकांत त्याला रस नव्हता. त्याला झाड हवं होतं.

झाडं पुष्कळ होती. पण सगळी ताठ. एकही चष्मा शोधत नव्हतं. पडलं असेल वादळात, त्याने मनाशी म्हटलं. पुढे एक खडक आला. खडक बऱ्यापैकी होता, प्रतिध्वनीला शोभेल असा. प्रॉम्प्टरने इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि हाक मारली. पण आयुष्यभर कुजबुजलेल्या गळ्यातून हाक निघते थोडीच? निघाली ती कुजबूज. जेमतेम पहिल्या विंगेपर्यंत पोचेल अशी. तरी तो थांबला. थर्मासमधून चहा ओतून प्यायला, चार पावलं चालला, पुन्हा थांबला. मागून काहीच आलं नाही. प्रतिध्वनीला तरी काय दोष द्यायचा.

आणखी थोडं चालल्यावर वाट संपली.

संपली म्हणजे खरोखरच संपली. समोर लोखंडी जाळीचं उंच कुंपण होतं, पाण्यात शिरलेलं आणि वर टेकडीवर चढत गेलेलं. त्यावर गंजलेली पाटी होती: पाणीपुरवठा क्षेत्र, प्रवेश बंद. जाळीपलीकडे पंपघराची करडी सिमेंटची भिंत, पत्र्याचं छप्पर आणि उतारावर कंबरेएवढं गवत. लाल काही नव्हतं. कौल तर नव्हतंच.

प्रॉम्प्टरने कुंपणाला कुठे भगदाड आहे का ते पाहिलं. बाई सडपातळ होत्या, वाकून गेल्या असतील. तो जाळीच्या कडेने खालपासून वरपर्यंत गेला. जाळीवर वेल चढला होता आणि त्याचं खोड मनगटाएवढं जाड झालं होतं. वेल काही एका वर्षात मनगटाएवढा होत नाही. तो तिथे बराच वेळ जाळीला धरून उभा राहिला. नाटक पाहायला आल्यावर थिएटरला कुलूप दिसावं, आणि पहारेकऱ्याने सांगावं की इथे नाटक कधी होतच नव्हतं, तसं त्याला झालं.

परत येताना त्याला वाट फार लांब वाटली. वळणावरच्या बाकापाशी आला तेव्हा तो बसला. दमला होता म्हणून नव्हे. पुढे जायला काही कारण उरलं नव्हतं.

"कुंपणापर्यंत जाऊन आलात?" गळवाल्यांनी विचारलं. त्यांनी तोंड वळवलं नव्हतं.

"हो. हे कुंपण केव्हा घातलं?"

"मी गळ टाकायला लागलो त्याच्या आधीपासून आहे. वाट पुढे करणार आहेत म्हणतात. पाटीवर आधीच रंगवून ठेवलीये, म्हणजे उद्या घाई नको." ते थोडं हसले. "मी दाताचा डॉक्टर होतो. मला वाट बघायची सवय आहे."

"मासे मिळतात का?"

"छे. मिळाले तर घरी जावं लागेल."

काही वेळ दोघं पाण्याकडे पाहत बसले. दातवाल्यांना शांतता आवडत असावी. पण धंद्यातली सवय सुटत नाही. समोरच्याला बोलता येत नाही म्हटल्यावर ते आपोआप बोलू लागले.

"तुम्ही बसलात ना, ती जागा एका बाईंची. दर रविवारी यायच्या. बूट काढून, पाय वर घेऊन बसायच्या. आता वर्ष झालं, दिसल्या नाहीत."

प्रॉम्प्टरने हात बाकाच्या फळीवर ठेवला.

"इथे बसायच्या? पुढे नाही जायच्या?"

"पुढे काय आहे? कुंपण. त्यांचा नवरा चालणारा होता. जबरदस्त. तलावाला पुरी फेरी मारायचा म्हणे, टेकड्यांवरून, कुंपणाच्या मागून. ह्या इथे बसून त्याची वाट बघायच्या. मी म्हणायचो, बाई, एकदा दाखवा तरी त्याला. त्या म्हणायच्या, येईल हो, हळू चालतो."

एक बदक पाण्यातून वर आलं, त्याने दोघांना पाहिलं आणि पुन्हा बुडी मारली.

"आणि तो काय काय बघून यायचा!" दातवाले रंगात आले. "एक झाड म्हणे, चष्मा शोधणारं. एक आळशी प्रतिध्वनी. आणि तो दोरीवाला म्हातारा! बाई आधी मला सांगायच्या, मग म्हणायच्या, थांबा, हे नीट नाही जमलं, पुन्हा सांगते. शेळ्यांची नावं तर आम्ही दोघांनी मिळून ठेवली. म्हणजे, नवऱ्याने आणलेल्या बातमीला आम्ही जरा मीठमसाला लावायचो, इतकंच."

तालीम. प्रॉम्प्टरला शब्द आठवला. बाई इथे तालीम करत होत्या. दर रविवारी, पाय वर घेऊन, संध्याकाळच्या बसमधल्या एका प्रयोगासाठी.

"इथून गंमतही दिसायची," दातवाले म्हणाले आणि त्यांनी गळाच्या काठीने पाण्यापलीकडे दाखवलं. खाडीसारखा आत शिरलेला पाण्याचा भाग होता आणि त्याच्यापलीकडे बंधाऱ्याचं टोक. तिथला बाक स्वच्छ दिसत होता, पाठीकडून. "तिथे एक माणूस असायचा. दर रविवारी. रेडिओ लावून झोपायचा. मान अशी, इकडून तिकडे. पडतो की काय वाटायचं. आम्ही पैज लावायचो. बाई म्हणायच्या, नाही पडणार, पक्का आहे तो. आणि हसायच्या. पण सारखं लक्ष असायचं हं त्यांचं. ऊन त्याच्या अंगावर आलं की म्हणायच्या, चला, निघते मी आता."

"आता नसतो का तो?"

"नाही दिसत. गेला असेल बिचारा."

"असेल," प्रॉम्प्टर म्हणाला.

आता दातवाल्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी त्याचे कोरे बूट पाहिले, मग घट्ट धरलेला थर्मास पाहिला. थर्मासच्या झाकणाला बाईंनी ओळखीसाठी बांधलेला निळ्या लोकरीचा धागा होता. बाईंच्या स्वेटरचाच. तो रंग त्यांनी बऱ्याच रविवारी शेजारी पाहिलेला होता. त्यांनी गळ खाली ठेवला.

"अरे," ते म्हणाले. "पोचलात एकदाचे!"

प्रॉम्प्टरने मान हलवली.

"आणि बाई?"

प्रॉम्प्टरने मान हलवली, दुसऱ्या दिशेने.

दातवाल्यांनी टोपी काढली. डोक्यावर केस नव्हते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि प्रॉम्प्टरला त्यांचं ते न बोललेलं वाक्य पुरं करता आलं नाही. मग त्यांनी सामान आवरलं. जाता जाता थांबले.

"एक विचारू? बाईंची गोष्ट अर्धी राहिली. सून परत आली का?"

"तिने तुम्हाला नाही सांगितलं?"

"नाही ना. म्हणाल्या, शेवट अजून ठरला"

ते टोपी घालायला थांबले. प्रॉम्प्टरही थांबला.

"नाहीये," दातवाले म्हणाले. "म्हणाल्या, बसमध्ये सांगता सांगता सुचेल."

ते गेले. प्रॉम्प्टर बाकावर एकटा राहिला. त्याने बूट काढले आणि पाय वर घेतले. समोर बंधाऱ्यावरचा आपला रिकामा बाक त्याला दिसत होता. बसमध्ये सांगता सांगता सुचणार होतं, आणि तिथे लांडगा आला.

खिशातला फोन वाजला.

"बाबा, पोचलात? दम नाही ना लागला?"

"नाही."

"सापडलं का घर?"

विंगेत बसून त्याने कधी न लिहिलेलं वाक्य म्हटलं नव्हतं. हजारो प्रयोग झाले, पण एक शब्द स्वतःचा नव्हता.

"सापडलं," तो म्हणाला. "लाल कौलं आहेत. दोन-तीन फुटलीत."

"खरंच? आणि म्हातारा?"

"आहे. दोरी वळतोय."

"आणि सून?" मुलीचा आवाज एकदम लहान झाला, ती शाळेत होती तेव्हासारखा. "बाबा, सून आली का?"

"आली," प्रॉम्प्टर म्हणाला. "आली ती आणि..."

आणि तो अडला. पुढे काय ते त्याला माहीत नव्हतं. अडलेल्या नटासारखं त्याने डावीकडे पाहिलं, जिथे विंग असते. डावीकडे बाकाची रिकामी फळी होती. तो थांबला. बराच थांबला. एवढा वेळ थांबलेल्या नटाला प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. कुणीही शब्द दिला नाही.

"आणि काय, बाबा?"

"आणि सासूने तिच्याकडे पाहिलंच नाही," तो म्हणाला. "पण जरा बाजूला सरकली. उन्हातली जागा तिला दिली."

पलीकडून आधी हसू आलं, मग नाक ओढल्याचा आवाज.

"मग बाक तिथेच बसवू या ना?"

"नको गं. इथे बाक आहे आधीच. चांगला आहे. पट्टी लावली की लोक पट्टीच वाचत बसतात."

"बरं." ती थोडी थांबली. "बाबा, सुट्टीत मी येते तेव्हा आपण दोघांनी"

तिकडे जाऊ या. प्रॉम्प्टरच्या जिभेवर शब्द तयार होते. तेच असणार, दुसरं काय असेल? मग कुंपण दिसेल, पंपघर दिसेल, सगळं उघडं पडेल. त्याने दात आवळून धरले. गिळणं सोपं नव्हतं. सगळी हयात त्या शब्दांमागे रांगेत उभी होती आणि ढकलत होती.

"आपण दोघांनी घरीच बसायचं हं," मुलगी म्हणाली. "कुठे जायचं नाही. तुम्ही मला हे सगळं पुन्हा सांगायचं. सुरुवातीपासून."

"बरं," प्रॉम्प्टर म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो तसाच बसून राहिला. आपण चुकलो होतो. दहापैकी नऊ वेळा बरोबर, हा हिशेब कुणी केला होता? त्यानेच. बाईंनी "हो" म्हटलं की एक खूण बरोबरच्या बाजूला. पण नुसता वाद टाळायला त्या किती वेळा "हो" म्हणाल्या असतील? भाजीवाल्याने त्या दिवशी दुसरी पिशवी दिलीही असेल. कदाचित एखादी गंमत झाली असेल. ती कुठली, हे आता कुठल्याच प्रतीत सापडणार नव्हतं.

ऊन उतरलं. पलीकडच्या बाकावर ते पोचलं, आणि तिथे कुणी नसल्यामुळे नुसतंच पडून राहिलं. प्रॉम्प्टरने बूट घातले आणि नाड्या घट्ट केल्या.

"झाली का फेरी?" फाटकातल्या खिडकीतून तिकीटवालीने विचारलं.

"झाली," तो म्हणाला.

बसच्या थांब्याकडे चढ होता. अर्ध्या चढावर त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. खरोखरचा, कळ मारून, वर मांडीपर्यंत. प्रॉम्प्टर थांबला, त्याने दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि सवयीने मागे वळून तोंड उघडलं. "अगं" म्हणेपर्यंत त्याच्या लक्षात आलं. मग तो पुन्हा वळला आणि लंगडत लंगडत बस गाठायला निघाला.